दांडिया बाजारच्या पाटीसाठी बालू

बडोदा,
१४ जून

प्रिय विनय,
सप्रेम नमस्कार.

पाटीच्या डिझाइनची फाइल मिळाली. दांडिया बाजारातल्या फरसाणाच्या दुकानाला तू बालू फॉन्ट निवडलास, ते फार आवडलं. जाड, गुबगुबीत, कुठेही टोक नाही. खाण्याच्या जिन्नसांना हे वळण शोभतं. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने तो गुजरातीतही काढलाय, बालू भाई नावाने, आणि धंद्याच्या कामालाही मोफत आहे. मराठी-गुजराती पाटीला याहून सोयीचं चटकन सापडणार नाही.

आता दुरुस्त्या. इतक्या जाड अक्षरात काळ्याची चिंता नसते, पोटातलं पांढरं जपावं लागतं. तुझ्या 'श्रीखंड'कडे बघ: श्रीचा वरचा वळसा, 'ख'च्या दोन भागांमधली फट, डोक्यावरचा अनुस्वार, तिन्ही लिंपून गेलंय. एक्स्ट्राबोल्डला, म्हणजे सर्वांत जाड वळणाला, तू वरून आणखी स्ट्रोक (कडेची रेघ) दिलायस, तो काढ. बालूच्या नव्या आवृत्तीत, बालू २ मध्ये, रेग्युलरपासून एक्स्ट्राबोल्डपर्यंत पाच जाड्या आहेत. नावाला एक्स्ट्राबोल्ड, खालच्या 'भाकरवडी, लिलो चेवडो' ओळीला सेमीबोल्ड पुरे. पत्ता-फोन मात्र यात नको. बारीक मजकुरात हे अक्षर गुदमरतं. तिथे 'एक टाइप'चाच मुक्ता फॉन्ट घे, गुजरातीला मुक्ता वाणी.

देवनागरीचं ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, शून्यावर ठेव, वाढवलं की शिरोरेघेचे तुकडे पडतात. गुजरातीला शिरोरेघच नाही, तिथे थोडं सैल चालेल. शिरोरेघ शब्दाला वरून बांधून ठेवते, म्हणून त्याच मापाची गुजराती शेजारी लहान वाटते. ती तीन-चार टक्के मोठी कर आणि दहा पावलं मागे जाऊन डोळ्यानेच ठरव, पट्टीने नको.

इलस्ट्रेटरमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा कंपोझर, म्हणजे अक्षरं नीट जुळवणारी सेटिंग, लावलायस ना? नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी होतात.

खरा घोळ कटिंगला होतो. आउटलाइन केल्यावर, म्हणजे अक्षरांचे आकार बनवल्यावर, शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेघा एकमेकींवर चढलेल्या राहतात. फ्लेक्सवर ते दिसत नाही, पण व्हिनाइल कापणाऱ्या प्लॉटर यंत्राची सुरी प्रत्येक सांध्यावर आत शिरते आणि व्हिनाइलचे तुकडे होतात. म्हणून आउटलाइननंतर पाथफाइंडरमधलं युनाइट दाबून आकार एक कर, मग कंट्रोल-वाय करून नुसत्या रेघांच्या दृश्यात आत एकही रेघ उरली नाही ना, ते तपास. अ‍ॅक्रिलिक राउटरवर, म्हणजे फिरत्या पात्याच्या कटिंग यंत्रावर, कापणार असलास तर बिट, म्हणजे ते पातं, गोल असतं, त्यामुळे काना शिरोरेघेला मिळतो तिथला आतला कोपरा थोडा गोल होणारच. कोरीव कोपऱ्यांच्या फॉन्टमध्ये ते खटकतं, बालूत मुरून जातं. या वळणाचा पाटीला हा मोठा फायदा.

बसवतानाही दोन लिप्या वेगळ्या वागतात. मराठी शब्द शिरोरेघेमुळे एका तुकड्यात निघतो, अनुस्वार तेवढा सुटा. गुजरातीचं अक्षर न् अक्षर वेगळं, म्हणून प्रत्येकाला निदान दोन स्टड (मागून भिंतीत बसणाऱ्या खुंट्या) हवेत. एकावर ते फिरतं. फिटिंगवाल्याला मूळ मापाचा कागदी टेम्प्लेट दे आणि त्यावर अनुस्वारांच्या जागाही छाप, नाहीतर ते अंदाजाने चिकटतात.

उंचीचा ठोकताळा: दहा फुटांना एक इंच. समोरच्या फुटपाथवरून चाळीस फूट धरलेस तर चार इंच ही कमीत कमी. नाव आठ इंचांचं कर, स्कूटरवरून जाणाऱ्यालाही वाचता यायला हवं.

आउटलाइन न केलेली प्रत जपून ठेव. मालक शेवटच्या दिवशी ऱ्हस्व-दीर्घ बदलायला सांगतात. दुरुस्त फाइल गुरुवारपर्यंत पाठव, शुक्रवारी शीट कापायला घेतो.

काकूंना नमस्कार.

तुझा,
नंदू