आतून राखाडी

प्रिय बंड्या,

दहा महिने झाले. तुझी दोन पत्रं आली, एकालाही उत्तर दिलं नाही. आज लिहायला बसलो ते शहाणपण सुचलं म्हणून नव्हे. काल सकाळी गांजाच्या मोठ्या झाडाचा शेंडा कापावा लागला. घरात सांगितलं तर "मग दुसरं लाव" एवढंच ऐकायला मिळालं. हे वाचून आधी खो खो हसेल आणि मग ज्याला खरंच वाईट वाटेल, असा तू एकटाच उरलायस. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच, गोळी चालू. झालं.

हो, तेच झाड. परवान्यात बसतात तेवढी चारच लावली, त्यातलं हे उंच, बोटांसारख्या बारीक पानांचं. "दमट हवेत सॅटिव्हाच्या वळणाचं वाण घेऊ नकोस, फुलं पिकेपर्यंत तुझी हवा थांबणार नाही," असं तू म्हणाला होतास. मी म्हणालो, "तू तुझी शेवंती सांभाळ." त्यानंतर फोन तू ठेवलास की मी आपटला यावर आपलं अजून एकमत नाही. माझ्या मते तू.

माझा हिशेब अगदीच खुळचट नव्हता रे. गांजाचे दोन प्रकार: इंडिकाची फुलं मुठीसारखी घट्ट, आत वारा शिरत नाही, म्हणून कुजतात. सॅटिव्हाची विरळ, हवेशीर, लवकर वाळणारी. इथवर खरं. पण हे वाण मूळचं विषुववृत्ताकडचं. तिकडे दिवस वर्षभर जवळपास सारखाच, त्यामुळे या झाडाला कसली घाईच नाही. इंडिका फुलायला लागल्यापासून ८ आठवड्यांत आटपते, हे बाईसाहेब १० ते १४ आठवडे घेतात. म्हणजे छत्री चांगली घेतली आणि पावसात दीडपट वेळ उभा राहिलो. त्यात पाकिटावर 'सॅटिव्हा' छापलं म्हणून झाड त्याच वंशाचं असतं असंही नाही. जनुकं तपासणाऱ्यांना ही नावं आणि प्रत्यक्ष वंश यांचा मेळ फारसा लागलेला नाही. हे मला आत्ता कळलं. तुला आधीपासून माहीत असणार, पण ते सांगू नकोस.

झालं असं. परवा शेंड्यातलं एकच पान पिवळं दिसलं. बाकी सगळं हिरवंगार. सहज ओढलं तर लोण्यातून सुरी निघावी तसं अलगद हातात आलं. माझ्या पोटात गोळाच आला. फूल उघडलं तर आत तपकिरी लगदा आणि त्यावर राखाडी लव. बोट लावलं तर धूर उडाल्यासारखी भुकटी उडाली. ओळखलंस ना? त्या वर्षी तुझ्या शेवंतीवर होती तीच, बोट्रायटिस. हीच बुरशी योग्य वेळी, योग्य द्राक्षावर बसली तर लोक तिला 'नोबल रॉट' म्हणतात आणि गोड वाइन करतात. माझ्याकडे आली तर तिला साधं पोतं मिळतं.

आणि आता ज्यासाठी हे पत्र, ते. पाऊस लागू नये म्हणून मी वर प्लास्टिक घातलं, आणि वाऱ्याने फडफडतं म्हणून बाजूंनीही बांधून टाकलं. झाड जे पाणी मुळांनी घेतं ते जवळजवळ सगळं पानांतून हवेत सोडतं. ते आतच कोंडलं. मग रात्र. दिवसा २० अंशांना ७० टक्के आर्द्रता बरी वाटते, पण तीच हवा साडेचौदा अंशांच्या खाली आली की दव पडायला लागतं. बाहेर पावसाचा थेंब नाही आणि माझी फुलं पहाटे चिंब. वर एका अळीने फुलात शिरून घाण करून ठेवली होती. कुजायला तेवढंच पुरलं.

बंद प्लास्टिक, बंड्या. त्या वर्षी तू केलंस तेच. तेव्हा मी किती दिवस ऐकवलं होतं! तुझ्या आईसमोरही बोललो. आणि तुझ्या शेवंतीला संध्याकाळी पाणी मी घालत होतो, हे मी कोणाला सांगितलं नाही. तुला तेव्हाच कळलं असणार. तू काही बोलला नाहीस.

आता प्रश्न असा. शेंड्याचा खालचा अर्धा भाग वरवर स्वच्छ दिसतो. कापून वेगळा टांगलाय. कालची रात्र मी त्याच्याभोवती घिरट्या घालण्यात काढली. नाकाला वास चांगला, भिंगातून काही दिसत नाही. पण ती लव दिसेपर्यंत आत बरंच काही झालेलं असतं, आणि बुरशी लागलेली वस्तू जाळल्याने शुद्ध होत नाही. ज्याची फुप्फुसं आधीच कमजोर त्याला तर ती द्यायचीच नाही. तुला विचारलं तर तू एका शब्दात उत्तर देशील, म्हणून विचारत नाही. फेकतोय. थोडं रडून फेकतोय.

खरी काळजी उरलेल्या तिघांची. फुलांवरचे राळेचे थेंब अजून काचेसारखे स्वच्छ आहेत, दुधाळ व्हायला तीन आठवडे तरी हवेत. आत्ता कापलं तर कच्चं, थांबलं तर कदाचित काहीच नाही. बाजूचं प्लास्टिक काढलं, फक्त छप्पर ठेवलं. आतली गर्दीची पानं विरळ केली, पण बेताने, कारण प्रत्येक जखम म्हणजे बुरशीला दार. पाणी आता सकाळी, बुंध्याशी. (हस.) आणि पहाटे उठून एकेक फांदी हलवून दव झाडतो. शेजारच्या काकू खिडकीतून बघतात. त्यांना वाटतं मी झाडांची समजूत काढतोय, आणि तसं ते खोटंही नाही. रोज एकेक फूल किंचित उघडून बघतो, पिवळं पान दिसलं की हात थरथरतो. तू असतास तर म्हणाला असतास, अर्धं आत्ता काप, अर्धं ठेव. मीही तेच ठरवतो आणि मग कुठलं अर्धं यावर स्वतःशीच भांडतो.

तुझी नवी नोकरी कशी आहे? वहिनींचा हात बरा झाला का? लेकीच्या परीक्षेचं कळव. शेवंती लावतोस का अजून, तेही.

बाहेर धुकं उतरायला लागलंय. जाऊन छप्पर बघतो. फोन केलास तर या वेळी मी आपटणार नाही.

तुझाच,
संध्याकाळचा पाणक्या