नऊ सह्यांचं घर

लिमासोल, सायप्रस
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचून तीन आठवडे झाले. "घर घेतलंस म्हणे, आणि तेही समुद्रावर नाही, डोंगरात? रत्नागिरीचा माणूस तू, डोकं फिरलं काय?" हे मी हिला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "भावजींना कळवा, फिरलंच होतं, पण आता कागद झालेत." व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाकल्या असत्या, पण ही गोष्ट दोन ओळींची नाही. शिवाय शेवटी तुझ्याकडे एक काम आहे, आणि ते फोनवर बोलायची मला लाज वाटते.

जहाज सोडून मी इथल्या ऑफिसात आलो त्याला नऊ वर्षं झाली. लिमासोल म्हणजे दुसऱ्यांची जहाजं सांभाळणाऱ्या कंपन्यांचं गाव, त्यामुळे आपल्याकडची दर्यावर्दी माणसं इथे बरीच. आमच्याच मजल्यावर एक मालवणचा आहे, एक गुहागरचा. गाड्या डावीकडून, भिंतीत तीन पिनांचं इंग्रजी सॉकेट. १९६० पर्यंत इंग्रजांचं राज्य होतं ते घराघरात दिसतं. इतकी वर्षं भाड्यानेच राहिलो. पण २०२२ नंतर युद्धामुळे रशिया-युक्रेनकडच्या आयटी कंपन्या माणसांसकट इकडे आल्या आणि घरमालकांचे दिवस पालटले. आमच्या मालकाने भाडं जवळजवळ दुप्पट सांगितलं. तेव्हा ही म्हणाली, एवढे पैसे देण्यापेक्षा आपलं काहीतरी बघू.

आधी समुद्रावर पाहिलं. तिथे आता काचेचे मनोरे झालेत आणि दलाल पहिल्या वाक्यातच परमनंट रेसिडेन्सीवर येतो. तीन लाख युरोंचं, बिल्डरकडून पहिल्या हाताने घेतलेलं नवं घर, त्यावर व्हॅट, आणि परदेशातून येणारं ठरावीक उत्पन्न दाखवलंस तर कायम राहण्याचा परवाना मिळतो. जुनं घर घेतलं तर त्या योजनेत बसत नाही. पूर्वी याहून मोठी रक्कम टाकली की थेट पासपोर्टच हातात पडायचा. फार बोभाटा झाला तेव्हा २०२० च्या नोव्हेंबरात ते दुकान सरकारने बंद केलं. माझं कंपनीच्या परवान्यावर चालतंय, मला त्या मोहात पडायचं कारण नव्हतं.

मग एका सहकाऱ्याने उत्तरेकडची जाहिरात आणली. किरेनियाजवळ, समुद्र दिसणारा फ्लॅट, इथल्या निम्म्याहून कमी किंमत. बापू, हे तुला नीट सांगतो, कारण तुझ्या मेव्हण्यालाही असलंच काही कुणी दाखवलंय असं तू लिहितोस. १९७४ च्या जुलैत तुर्कस्तानचं सैन्य उतरलं आणि बेटाचा सुमारे ३६ टक्के भाग तेव्हापासून वेगळा आहे. दीड लाखाहून जास्त ग्रीक सायप्रियट तिथून अंगावरच्या कपड्यांनिशी दक्षिणेला आले, आणि दक्षिणेतले तुर्की सायप्रियट तिकडे गेले. त्या उत्तरेतल्या पुष्कळशा जमिनींचा खरा मालक आजही इथे लिमासोलमध्ये कुठेतरी चहा पीत बसलेला असतो आणि त्याच्याकडे कागद असतो. एका इंग्रज जोडप्याने तिकडे बंगला बांधला. मूळ मालकाने इथे राजधानी निकोसियाच्या कोर्टात दावा लावला, आणि २००९ मध्ये युरोपीय न्यायालयाने ठरवलं की इथला निकाल इंग्लंडच्या कोर्टांनी मानलाच पाहिजे. म्हणजे बंगला बेटावरचा आणि जप्ती त्यांच्या इंग्लंडमधल्या मालमत्तेवर येऊ शकते. २००६ पासून दुसऱ्याची अशी जमीन विकणं हा इथे फौजदारी गुन्हा आहे. मेव्हण्याला म्हणावं, स्वस्त का आहे ते आधी विचार.

आमच्या ऑफिसातल्या हिशेबनीसबाईंचं उलटं आहे. त्यांचे आईवडील उत्तरेतून आले तेव्हा सरकारने त्यांना तिकडे गेलेल्या एका तुर्की कुटुंबाचं घर राहायला दिलं. अशी घरं गृहखात्याच्या ताब्यात असतात, ती विकता येत नाहीत. बाई त्याच घरात वाढल्या. छपराची डागडुजी केली, मुलांची लग्नं केली, अंगणात लिंबू लावला. एकावन्न वर्षांनी अजून म्हणतात, "त्यांच्या घरात राहतो आम्ही." आपल्याकडे कूळ कितीतरी लवकर मालक होतो, नाही?

शेवटी आम्ही डोंगर चढलो. लिमासोलच्या वरच्या अंगाला ट्रूदोस पर्वताच्या उतारावर द्राक्षमळ्यांची गावं आहेत, त्यांना क्रासोहोरिया म्हणतात, म्हणजे वाईनची गावं. आमचं घर त्यांतल्याच ओमोदोस गावाहून दहा-पंधरा मिनिटांवर. दगडाचं आहे. रस्त्याकडे लाकडी दार, आत फरसबंद अंगण, अंगणाच्या कडेने कमानींची उघडी पडवी. त्या पडवीला इथे इलियाकोस म्हणतात. हिने ती पाहिली आणि मला कोपर मारलं. मलाही कळलं होतं. चिरा नाही, कौलं वेगळी, पण दुपारी आजी जिथे तांदूळ निवडत बसायची ती जागा तीच. कोपऱ्यात माणूस उभा मावेल असा वाईनचा रांजण, पिथारी म्हणतात त्याला, खांद्यावर कुंभाराने १९०४ कोरलेलं. छप्पर दोन ठिकाणी खाली बसलेलं. किंमत ९२ हजार युरो.

आणि मालक नऊ.

घराचे मूळ मालक, त्यांचे आजोबा, वारले तेव्हा सहा मुलं, प्रत्येकी सहावा हिस्सा. इथल्या कायद्यात मुलंबाळं असतील तर मृत्युपत्राने फक्त पाव भाग मनासारखा देता येतो, बाकीचा वारसांचाच, म्हणून तुकडे पडतच जातात. सहातली एक म्हातारी गावातच, एक भाऊ लिमासोलला, दोघं लंडनला, एक जोहान्सबर्गला. सहावा मेलबर्नला गेला आणि तिथेच वारला, त्याची चार मुलं, प्रत्येकी एक चोविसांश. हे मला मुख्तारने चहाच्या टपरीवर सांगितलं. मुख्तार म्हणजे गावचा सरपंच. आपल्या मुखत्यारपत्रातला मुखत्यार तो हाच शब्द, अरबीतून दोन्हीकडे गेलेला. त्याला वाटलं मी घाबरून पळेन. मी हसायला लागलो. बापू, सामाईक खातं म्हणजे काय हे मला कुणी सायप्रसमध्ये येऊन शिकवायचं?

पुढची गंमत ऐक. परसात खरनूबाचं जुनं झाड आहे, इंग्रजीत कॅरोब म्हणतात ते. जमीन या नऊ जणांची, पण झाडाची नोंद चुलत घराण्यातल्या भलत्याच माणसाच्या नावावर! तुर्की अमदानीपासून इथे जमीन एकाची, झाड दुसऱ्याचं, पाणी तिसऱ्याचं असं चालत आलंय. आपल्याकडे इतर हक्कांत दुसऱ्याची कलमं लागलेली असतात तसंच. वकीलीणबाई अगदी अवघडून सांगायला लागल्या, मी म्हटलं, बाई, पुढे बोला.

सातबाऱ्याच्या जागी इथे मालकीपत्र असतं, बोलीत कोचानी. ते हातात येईपर्यंत घर आपलं नाही. बिल्डरने जमीन बँकेत गहाण टाकून वर फ्लॅट विकले, लोकांनी पूर्ण पैसे भरले आणि कोचानी वर्षानुवर्षं मिळाली नाही, असे इथे ढिगाने आहेत. म्हणून करार झाला की तो आधी भूमी कार्यालयात जमा करायचा. मग तीच जागा दुसऱ्याला विकता येत नाही की नंतरच्या कर्जापायी जात नाही. आपण युरोपीय संघाबाहेरचे, म्हणून सरकारची परवानगी वेगळी. एका कुटुंबाला एकच घर, किंवा मोकळी जमीन असेल तर ४,०१४ चौरस मीटरपर्यंत, म्हणजे त्यांच्या तीन स्काला, आपले साधारण चाळीस गुंठे. आणि करार वाचताना मला सारखं वाटत होतं की ही भाषा कुठेतरी वाचलीय. वकीलीणबाई म्हणाल्या, वाचली असणारच, आमचा करार कायदा इंग्रजांनी तुमच्या १८७२ च्या कायद्यावरूनच उतरवलाय!

हस्तांतराची फी पहिल्या ८५ हजारांवर तीन टक्के, त्यापुढे पाच, आणखी वर गेलं की आठ, आणि सध्या या सगळ्याची निम्मीच घेतात. दोघांच्या नावावर घर घेतलं तर टप्पे वेगळे मोजतात, त्यामुळे आमचे सत्तर युरो वाचले. हे सत्तर युरो आपल्यामुळे वाचले असं ही सगळ्यांना सांगत असते.

सह्या गोळा व्हायला चौदा महिने लागले. गावातल्या म्हातारीने पहिल्याच दिवशी दिली. लंडनच्या दोघांचं आपसात बोलणं नव्हतं, एकाने सही केली हे कळल्यावरच दुसरा करणार, आणि पहिलाही तेच म्हणे. जोहान्सबर्गवाला दर वेळी "पुढच्या आठवड्यात" म्हणायचा. मेलबर्नच्या तिघांनी कागद पाठवले, चौथी काही उत्तरच देईना. एक चोविसांश! हिशेब केला तर चार हजार युरोंच्याही खाली. मी रोज रात्री तिला मनातल्या मनात शिव्या घालायचो. कोण ही बाई, जन्मात इथे राहिली नाही, अंगणाचा केर काढला नाही, छप्पर बसलं तेव्हा आली नाही, आणि आता नुसती एक सही अडवून बसलीय.

शेवटी मुख्तारने तिचा नंबर मिळवला आणि मीच फोन केला. माझ्यापेक्षा थोडी मोठी असावी. बराच वेळ काही बोलली नाही, मग विचारलं, "पिथारी आहे का अजून?" सात वर्षांची असताना ती एका उन्हाळ्यात आली होती आणि लपाछपीत त्या रांजणात उतरली होती, बाहेर येता येईना, आजोबांनी काखेत धरून काढली. तेवढंच तिचं सायप्रस. रांजण बागेत ठेवायला म्हणून दलाल विकत नेतात, तसं करणार नाही असं मी कबूल केलं. आठ दिवसांनी वकिलातीचा शिक्का मारलेली सही आली.

जूनमध्ये कोचानी हातात पडली. २३ जुलैला आग लागली.

तू बातम्यांत पाहिली असशील. मालिया गावाकडून सुरू झाली, वारा असा की दोन दिवसांत शंभर चौरस किलोमीटरहून जास्त डोंगर जळाला, दोन माणसं गाडीत सापडून गेली. आमच्या गावात पोलिसांनी ध्वनिक्षेपकावरून बाहेर पडायला सांगितलं. मी ऑफिसात होतो, वर जाऊच दिलं नाही. समोरची धार जळाली, आमची वाचली, याला वाऱ्याशिवाय दुसरं कारण नाही. तीन दिवसांनी गेलो तर अंगणात बोटभर राख, आणि म्हातारी तिच्या दारात झाडू घेऊन. ती गेलीच नव्हती म्हणे.

पाण्याचंही सांगून ठेवतो. रत्नागिरीत जुलैच्या पंधरवड्यात जेवढा पडतो तेवढा इथे वर्षभरात मिळून पडत असेल, तोही थंडीत. २००८ मध्ये धरणं आटली तेव्हा ग्रीसहून टँकर-जहाजांनी पाणी आणलं होतं. या वर्षीही धरणं तळाला आहेत. गच्चीवर टाकी हवीच, आणि नळ टपकला तर मी आता अर्ध्या रात्री उठतो.

तू विचारलंयस की तूही घ्यावं का. तुझ्यासारख्या भारतात राहणाऱ्याला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, पण दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक वीस टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापून घेते, तो नंतर आयकरात वळता होतो. करू शकतोस. पण तुझं कातळावरचं घर, विहीर आणि तुझा तो भांडकुदळ शेजारी सोडून तू इथे करणार काय? सुट्टीला ये. लार्नाकाला उतरशील तेव्हा तिथे जनरल थिमय्यांच्या नावाचा रस्ता आहे तो दाखवीन. संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचे प्रमुख होते, १९६५ मध्ये इथेच वारले.

आता काम.

आबाकाकांचा मुलगा गेली अकरा वर्षं माझ्या सहीसाठी थांबलाय हे तू मागे दोनदा लिहिलंस आणि दोन्ही वेळा मी ते वाक्य वगळून उत्तर दिलं. मुळात गावच्या जुन्या घरात माझा हिस्सा बारावा. छप्पर तोच शाकारतो, गणपती तोच आणतो, घर पाडून बांधायला कर्ज हवंय तर बँक म्हणते सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या आणा. मी काही अडवून धरलं नव्हतं रे. जहाजावर होतो, मग इथे आलो, मग पुढच्या सुट्टीत बघू म्हटलं. त्याने रोज रात्री मला काय म्हटलं असेल याचा अंदाज मला मेलबर्नला फोन लावेपर्यंत आला नव्हता.

निकोसियाच्या आपल्या उच्चायुक्तालयात परवा जाऊन हक्कसोडपत्रासाठी तुझ्या नावाचं मुखत्यारपत्र साक्षांकित करून आणलंय. कुरियरने वेगळं येईल. भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरून घे, नाहीतर पुन्हा सगळं पहिल्यापासून. मसुदा त्याच्या वकिलाला करू दे, मला फोटो पाठव, मी वाचून लगेच हो म्हणेन. मोबदला काही नको. फक्त त्याला विचार, माजघरातला जातं बसवलेला दगड नव्या घरात ठेवतोस का. नाही म्हणाला तरी सही करच.

वहिनींना नमस्कार. आंबोशी इथे मिळत नाही, कुणी येणार असेल तर पाठव.

तुझा,
दत्ता

ता. क. खरनूबाच्या झाडाचा मालक सापडला. पॅफॉसला टॅक्सी चालवतो. झाड विकायला तयार नाही, म्हणतो शेंगा काढायला दर ऑगस्टमध्ये येईन, जेवायला काय कराल?