‘काळजी’च्या नावाखाली घरातली पाळत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाळत म्हटलं की चर्चा होते ती सरकारची, पोलिसांची, पेगाससची (फोनमध्ये शिरून हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर), आणि ती व्हायलाच हवी. पण घरातलीच माणसं घरातल्याच माणसांवर जी नजर ठेवतात तिच्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही, कारण तिला आपण सगळे काळजी म्हणतो आणि काळजीबद्दल तक्रार कोण करणार? मुलांच्या फोनमध्ये लोकेशनचं ॲप, बायकोचं व्हॉट्सॲप गुपचूप दुसऱ्या मोबाईलवर लिंक केलेलं, आईवडील एकटे राहतात म्हणून हॉलमध्ये वायफाय कॅमेरा, गाडीत जीपीएस, पर्समध्ये टाकलेला बटणाएवढा ट्रॅकर. काही ठिकाणी हेतू सरळसरळ संशयाचा असतो हे मान्य, पण बऱ्याच घरात हे खरंच काळजीपोटी सुरू होतं. फक्त ते बंद कधी करायचं हे कुणी ठरवलेलं नसतं.

लोकेशनच्या ॲपचंच घ्या. मुलगी क्लासवरून निघाली की नकाशावर तिचा ठिपका हलायला लागतो, शेजारी तिच्या फोनची बॅटरी किती टक्के आहे तेही दिसतं. एखाद्या दिवशी ठिपका मध्येच कुठेतरी थांबतो आणि अर्धा तास हलतच नाही. आता याची कारणं साधी असतात, फोन तळघरात असला की सिग्नल मिळत नाही, बॅटरी सेव्हर चालू झाला की फोन असल्या ॲपना झोपवून टाकतो, नेट गेलं की शेवटचं लोकेशन तिथेच चिकटून राहतं, आणि बिल्डिंगच्या आत तर ठिपका सरळ शेजारच्या गल्लीत जाऊन बसतो. पण घरी स्क्रीनकडे बघत बसलेल्या माणसाला हे काही सुचत नाही, मग फोनवर फोन, मैत्रिणीच्या आईला फोन, आणि पोरगी दारात आली की चप्पल काढायच्या आधी प्रश्न, ‘तिथे काय करत होतीस एवढा वेळ?’ ती म्हणते मी तिथे गेलेच नाही. आता खरं कुणाचं मानायचं, मुलीचं की फोनचं? मी जेवढं आजूबाजूला बघितलंय त्यात फोनचंच खरं ठरतं. आणि एकदा आपल्या शब्दाची किंमत फोनपेक्षा कमी आहे हे पोरांना कळलं की ती पुढच्या वेळेपासून सांगायच्या भानगडीतच पडत नाहीत, फोन मित्राच्या घरी ठेवतात आणि जायचं तिथे जातात. म्हणजे आईबाप निवांत, कारण ठिपका जागेवर!

यावर अभ्यास झालेलाय आणि तोही स्मार्टफोन यायच्या आधी. स्वीडनमध्ये हाकान स्टॅटिन आणि मार्गारेट केर या दोघांनी १४ वर्षांच्या मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास करून २००० साली निष्कर्ष मांडला की पालकांना मुलांबद्दल जे माहीत असतं ते मुख्यतः मुलं स्वतःहून सांगतात म्हणून माहीत असतं, पालक चौकशा करतात किंवा नियंत्रण ठेवतात म्हणून नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की ज्या वाटेने खरी माहिती घरात येते तीच वाट आपण ॲप टाकून बंद करतोय, आणि बदल्यात आपल्याला काय मिळतं तर अक्षांश-रेखांश. पोरगं कुठे आहे ते कळतं, तिथे ते रडतंय की हसतंय, कुणी त्रास देतंय का, ते त्यात येत नाही.

जर्मनीने असल्या पाळतीविरुद्ध एक पाऊल उचललं होतं. मुलांच्या काही स्मार्टवॉचमध्ये अशी सोय होती की पालकांनी ॲपवरून घड्याळाला गुपचूप कॉल लावायला सांगायचा, मुलाला किंवा आजूबाजूच्या कुणाला पत्ता लागू न देता तिकडचं सगळं ऐकायचं. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिथल्या फेडरल नेटवर्क एजन्सीने (टेलिकॉम वगैरेवर देखरेख करणारी सरकारी संस्था) अशा घड्याळांच्या विक्रीवर बंदी घातली आणि ज्यांच्याकडे ती आहेत त्यांना ती नष्ट करायला सांगितलं. कारण काय, तर अशी चोरून ऐकणारी साधनं तिथे बेकायदा आहेत, आणि एजन्सीला दिसलं की पालक त्यातून वर्गात शिक्षक काय बोलतात ते ऐकत होते! म्हणजे नजर ठेवायची होती पोरावर आणि ऐकलं गेलं अख्ख्या वर्गाला, ज्यांच्यापैकी कुणी कशालाच हो म्हटलं नव्हतं. बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारात कलम १६ मध्ये मुलांनाही खाजगीपणाचा हक्क आहे असं स्पष्ट लिहिलंय, पण हे पालकांच्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर बोलून बघा, लोक हसतात.

म्हाताऱ्या माणसांचं तर विचारूच नका. मुलं दुसऱ्या शहरात किंवा देशात, आईवडील इकडे एकटे, आई एकदा बाथरूममध्ये घसरली म्हणून कॅमेरा बसला. कॅमेऱ्याला मी विरोध करत नाही, माणूस पडून राहिला तर तासातासाचा फरक पडतो. पण या कॅमेऱ्यांना स्पीकर असतो. दुपारी आई सोफ्यावर पाय वर घेऊन, पदर सैल सोडून जरा पडलेली असते आणि अचानक कोपऱ्यातून आवाज येतो, ‘आई, गोळी घेतलीस का?’ ती दचकून उठून आधी पदर सारखा करते, मग कॅमेऱ्याकडे बघून हो म्हणते. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, आणि नंतर त्या बाईंनी आपली खुर्ची दाराच्या मागे सरकवून घेतली हेही बघितलंय, जिथे कॅमेऱ्याचं तोंड पोचत नाही. मुलाने विचारलं तर म्हणाल्या तिकडे वारा चांगला येतो. स्वतःच्या घरात, स्वतःच्या हॉलमध्ये बसायला बाईला कारण शोधावं लागलं. मुलगा वाईट आहे का? अजिबात नाही, रोज न चुकता बघतो. पण आधी रोज फोन करायचा, आता कॅमेऱ्यात दिसते ना आई ठीक आहे, मग फोन कशाला! आणि हे सगळं लावायच्या आधी त्या बाईंना कुणी ‘लावू का?’ म्हणून विचारलेलं नव्हतं. पंच्याहत्तरीच्या माणसाला विचारायचं असतं हे आपल्या डोक्यातच येत नाही.

नवरा-बायकोत किंवा प्रेमात जे चालतं त्याला मात्र मी काळजी म्हणायला तयार नाही. दुसऱ्याच्या फोनमध्ये लपून बसणारी ॲप्स, म्हणजे आयकॉन दिसत नाही, मेसेज, फोटो, लोकेशन सगळं बाहेर पाठवतात, त्याला स्टॉकरवेअर म्हणतात आणि त्यांची जाहिरात बऱ्याचदा ‘मुलांच्या सुरक्षेसाठी’ अशीच असते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं संरक्षण बघणारी सरकारी संस्था) सप्टेंबर २०२१ मध्ये स्पायफोन नावाच्या अशा ॲपच्या कंपनीवर आणि तिच्या प्रमुखावर पाळतीच्या धंद्यातच बंदी घातली, चोरून गोळा केलेला डेटा पुसून टाकायचा हुकूम दिला. तीच गत ट्रॅकरची. ॲपलचा एअरटॅग एप्रिल २०२१ मध्ये आला तो हरवलेल्या चाव्या शोधायला, थोड्याच दिवसांत लोक तो दुसऱ्याच्या बॅगेत, गाडीत टाकायला लागले, आणि अनोळखी ट्रॅकर आपल्याबरोबर फिरतोय ही सूचना आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हीवर सारखी मिळावी याची व्यवस्था ॲपल आणि गूगलने मिळून आणली ती मे २०२४ मध्ये. तीन वर्षं! वस्तू बाजारात आणताना एवढी घाई आणि कुलूप लावायला तीन वर्षं.

बरं, हे सगळं घरातल्या घरात राहतं असं समजणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. रिंग या कंपनीचे घरगुती कॅमेरे लोकांनी सुरक्षेसाठी लावले आणि २०२३ मध्ये त्याच फेडरल ट्रेड कमिशनने आरोप ठेवला की कंपनीचे कर्मचारी ग्राहकांचे खाजगी व्हिडिओ बघू शकत होते, एकाने तर बायकांच्या बेडरूम-बाथरूममधल्या कॅमेऱ्यांचे हजारो व्हिडिओ महिनोन् महिने बघितले. प्रकरण ५८ लाख डॉलर देऊन मिटवलं गेलं. दुसरी गोष्ट लाइफ३६० ची, कुटुंबाने एकमेकांचं लोकेशन बघण्यासाठीचं हे प्रचंड चालणारं ॲप. २०२१ च्या शेवटी पत्रकारांनी उघड केलं की ही कंपनी लोकांचं लोकेशन डेटा-दलालांना विकतेय, बोभाटा झाल्यावर कंपनीने अचूक लोकेशन विकणं थांबवायचं जाहीर केलं. म्हणजे पोरगी सुरक्षित राहावी म्हणून तिचा रोजचा रस्ता आईबापांनी आपल्या हाताने अशा माणसांना दिला ज्यांना ते ओळखतही नाहीत.

आता घराबाहेर. ज्याला लहानपणापासून बघितलं जाण्याची सवय लागलीय तो पुढे ऑफिसने लॅपटॉपवर दर दहा मिनिटांनी स्क्रीनशॉट घेणारं सॉफ्टवेअर टाकलं तर कशाला प्रश्न विचारेल, चौकात चेहरा ओळखणारा कॅमेरा लागला तर त्याला काय खटकेल? आणि बघितलं जातंय म्हटल्यावर माणूस बदलतो. जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने अमेरिकी सरकारची फोन-इंटरनेटवरची पाळत उघड केली त्यानंतर विकिपीडियावर दहशतवादाशी संबंधित लेख वाचणाऱ्यांची संख्या घटली असं जॉन पेनी या संशोधकाने २०१६ मध्ये आकडे तपासून दाखवलं. हे लेख वाचणं काही गुन्हा नाही, तरी लोकांनी हात आखडता घेतला. ‘लपवण्यासारखं नाही तर घाबरता कशाला’ म्हणणाऱ्यांनी डेट्रॉइटचं उदाहरण बघावं, जानेवारी २०२० मध्ये पोलिसांनी चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या चुकीच्या जुळणीवरून एका माणसाला त्याच्या घरासमोर, बायको आणि दोन लहान मुलींच्या देखत हातकड्या घातल्या. त्याने काहीच लपवलेलं नव्हतं. मशीनने सांगितलं, पोलिसांनी मानलं, आपल्या घरातल्या ठिपक्याचं होतं ना, तसंच.

मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. पाच वर्षांचं पोर गर्दीत हरवू नये म्हणून ट्रॅकर लावा, स्मृती गेलेल्या आजोबांच्या गळ्यात लावा, एकट्याने रात्री प्रवास करणाऱ्याने स्वतः लाइव्ह लोकेशन पाठवलं तर फारच छान, व्हॉट्सॲपवर ते ठरलेल्या वेळेनंतर आपोआप बंद होतं आणि मला ते सगळ्यात सभ्य वाटतं, कारण चालू करणारा तोच आणि मुदतही त्याचीच. बाकी ठिकाणीही एवढं तरी असावं, की ज्याच्यावर नजर आहे त्याला ते माहीत असावं, कधी थांबणार ते ठरलेलं असावं, आणि बापाला मुलाचं लोकेशन दिसत असेल तर मुलालाही बापाचं दिसावं. ही शेवटची अट मी चारचौघात बोललो की पहिला विरोध बाप मंडळींचा येतो, हे गंमत म्हणून सांगतो.

तुमच्याकडे एकच विनंती. ‘जोडीदाराचे चॅट वाचा’, ‘पेन कॅमेरा’, ‘न कळता कॉल रेकॉर्ड’ असल्या जाहिराती वर्तमानपत्रांच्या वेबसाइटवर बातम्यांच्या मधोमध येतात, त्या निदान तुम्ही घेऊ नका. आणि त्या जागेत एकदा आपला फोन कसा तपासायचा ते साध्या भाषेत छापा, व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हायसेस कुठे बघायचे, गूगल अकाउंट कुठल्या कुठल्या फोनवर उघडंय, ॲक्सेसिबिलिटीची परवानगी (जिने ॲपला स्क्रीनवरचं वाचता येतं) कुठल्या अनोळखी ॲपला दिलीय, प्ले प्रोटेक्ट, म्हणजे अँड्रॉइडमधली धोकादायक ॲप तपासणारी सोय, कुणी बंद करून ठेवलीय का. सोबत हेही ठळक छापा की घरात मारहाण किंवा धमक्यांचा प्रकार असेल तर असं ॲप सापडल्यावर घाईने डिलीट करू नये, नजर ठेवणाऱ्याला लगेच कळतं आणि पुरावाही जातो, आधी दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून मदत मागावी.

आपला,
एक नियमित वाचक