आर्किटेक्टचे नाव इमारतीवर हवे

संपादक महोदय,

आर्किटेक्टने आपल्या सेवेची जाहिरात करू नये, असे आर्किटेक्टांची नोंदणी करणाऱ्या वास्तुकला परिषदेचे (कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर) १९८९ चे आचारनियम सांगतात. कामाची माहिती व छायाचित्रे माध्यमांत आली तरी चालतात, पण त्यासाठी पैसे द्यायचे नाहीत आणि घ्यायचेही नाहीत. आज इन्स्टाग्रामवर पैसे मोजून जास्त लोकांपर्यंत पोचवलेली रील्स पाहिली की हा नियम कुणाच्या खिजगणतीत तरी आहे का, अशी शंका येते. बरे, त्या रील्समध्ये दिसते काय? ड्रोनमधून टिपलेली गच्ची, संध्याकाळचा प्रकाश, रिकामा सोफा. भिंतीला ओल आली का, जिन्यात उजेड पडतो का, हे कुणी दाखवत नाही!

नवख्या आर्किटेक्टची अडचण मात्र खरी आहे. बिल्डर पानभर जाहिराती देतो, आपण गप्प बसलो तर काम येणार कुठून? त्याच नियमांत एक चांगली वाट आहे. स्वतःच्या इमारतीवर, बांधकाम चालू असताना किंवा पूर्ण झाल्यावरही, आर्किटेक्टला आपले नाव लावता येते. अक्षरे फक्त दहा सेंटिमीटरपेक्षा उंच नकोत. एवढी मुभा असूनही आमच्या भागातल्या नव्या सोसायट्यांच्या फाटकांवर बिल्डरचे नाव हातभर आणि आर्किटेक्टचे कुठेच नाही. सोसायट्यांनी ती छोटी पाटी आग्रहाने लावून घ्यावी. पाच पावसाळ्यांनंतर इमारत कशी उभी आहे ते पाहून पुढचा गिऱ्हाईक ठरवील, फोन कुणाला करायचा.

– एक वाचक, पुणे