गळती शोधायला शिकवणाऱ्या काकूंना

आदरणीय काकूंना सप्रेम नमस्कार,

तुमचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. आमची मोटरहोम, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, तुमच्या गाडीशेजारी उभी होती, पलंगाखालची फळी ओली झाली होती, आणि तुम्ही पुढच्या मुक्कामाला निघायच्या तयारीत असूनही हत्यारांची पिशवी घेऊन आमच्याकडे आलात. एवढ्या खुणेवरून तुम्ही ओळखाल.

पाइप जोडून दिल्याबद्दल आभार आहेतच. त्याहून जास्त आभार मानायचे आहेत ते त्या पहिल्या अर्ध्या तासाचे, ज्यात तुम्ही एकाही नटाला पाना लावला नाहीत.

आल्याआल्या तुम्ही बाहेरून घेतलेली विजेची केबल काढायला सांगितलीत. पाणी कुठवर पोचलं आहे ते कळलेलं नव्हतं आणि वायरी पलंगाखालूनच जात होत्या. पाण्याचा पंप गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, त्यामुळे तपासणी अडणार नव्हती. मग बाहेरच्या पाण्याची जोडणी बंद, सगळे नळ बंद, पंप चालू, आणि सगळ्यांनी गप्प बसायचं. पंप घरघरला, दाब भरल्यावर थांबला. थोड्या वेळाने कोणी नळाला हात लावलेला नसताना पुन्हा क्षणभर घरघरला. तुम्ही घड्याळ बघत होता. दोन घरघरींमध्ये किती वेळ जातो ते तुम्ही कागदावर लिहून घेतलंत, आणि दुरुस्ती झाल्यावर त्याच आकड्याशी ताडून बघायचं असं सांगितलंत.

पंपाला दाब मोजणारा स्विच असतो, पाइपातला दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की तो पंप चालू करतो आणि वरच्या मर्यादेला पोचला की बंद करतो, हे मी वाचलेलं होतं. त्याचा असा उपयोग होतो हे मात्र तुमच्याकडून कळलं. नळ बंद असताना पंप सुरू होतो म्हणजे दाब कुठूनतरी निसटतो आहे, आणि तो किती झपाट्याने निसटतो आहे ते पंप स्वतःच सांगतो. निसटायच्या वाटा दोन. एक, पाणी पाइपातून बाहेर येतं. दुसरी, पंपातली एकतर्फी झडप नीट बसत नाही आणि पाणी उलटं टाकीत जातं. दुसऱ्या वाटेत गाडीत कुठेही थेंब सांडत नाही, तरी पंप तसाच घरघरतो, आणि मुळात नसलेल्या गळतीसाठी माणसं कपाटं उचकटत बसतात. दोन्हीतला फरक ओळखायची तुमची रीत किती सोपी होती! पंपाच्या पुढचा कॉक बंद करून पंप चालू ठेवायचा. तरीही तो मधूनमधून घरघरला तर दोष पंपात, शांत राहिला तर पुढच्या पाइपांत. आमचा शांत राहिला.

यानंतर टिश्यू पेपर आला. पलंगाखालचे, सिंकखालचे, गरम पाण्याच्या टाकीमागचे सगळे जोड तुम्ही आधी कोरडे पुसलेत, प्रत्येकाभोवती कोरड्या टिश्यूचा एक वेढा दिलात, पंप चालू केलात आणि वाट बघायला लावलीत. बोटाला न जाणवणारी ओलसुद्धा टिश्यूवर डाग पाडते. ओली फळी एका टोकाला होती आणि डाग पडला दुसऱ्या टोकाला, गरम पाण्याच्या टाकीच्या जोडावर. पाणी पाइपाच्या खालच्या अंगाने ओघळत, फळीच्या कडेने सरकत इतकं लांब आलं होतं. जिथे ओलं दिसतं तिथूनच उलगडायला सुरुवात केली असती तर धड असलेले चार जोड उघडले गेले असते, आणि प्लॅस्टिकचे जोड असे वारंवार उघडलेले सोसत नाहीत.

तो जोड म्हणजे प्लॅस्टिकचा एल्बो, काटकोनात वळणारा. एका टोकाला हाताने फिरवायचा मोठा नट आणि त्याच्या आत कोन वॉशर, म्हणजे शंकूच्या आकाराचा रबरी वॉशर, दुसऱ्या टोकाला पाइप. नटावर केसाएवढी चीर गेली होती. गाडी चालताना बसणारे हादरे आणि गरम-गार होणं यांनी असे नट हळूहळू जेरीला येतात, आणि कोणी पाना लावून आवळला असेल तर लवकर येतात. इथे तुम्ही सांगितलेली एक गोष्ट मला सगळ्यांपर्यंत पोचवायची आहे. अशा जोडात पाणी अडवतो तो रबरी वॉशर. आट्यांचं काम वॉशर दाबून धरण्यापुरतं. म्हणून तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळायची नाही. टेपेमुळे नट पुरता बसत नाही आणि वॉशर अर्धवट दाबला जातो. टेफ्लॉन टेप लागते ती निमुळत्या आट्यांना, जिथे आटेच पाणी अडवतात. तिथे ती आवळायच्या दिशेने तीन-चार वेढे द्यायची, म्हणजे फिटिंग फिरवताना उलगडत नाही. कोन वॉशरचा नट हाताने घट्ट करायचा, फार तर त्यापुढे किंचित.

गरम पाण्याची टाकी बंद करून ती निवेपर्यंत तुम्ही कशालाही हात लावू दिला नाहीत. पंप बंद करून, नळ उघडून दाब उतरवलात, सगळ्यांत खालच्या निचऱ्याच्या तोंडातून पाइप रिकामे केलेत, आणि मगच कटर बाहेर काढलात. पेक्स, म्हणजे लवचिक प्लॅस्टिकचा पाइप, काटकोनातच कापायचा, तिरका कापला तर तो फिटिंगच्या खांद्यापर्यंत सगळीकडून सारखा पोचत नाही. स्टीलची क्लॅम्प रिंग आधी पाइपावर सरकवायची, मग पाइप फिटिंगवर पूर्ण चढवायचा, आणि रिंग पाइपाच्या टोकापासून ३ ते ६ मिलिमीटर अंतरावर आणून तिचा कान पकडीने दाबायचा. नव्या एल्बोचा पहिला जोड तुम्ही केलात. कापल्यामुळे पाइप आखूड झाला होता, म्हणून मध्ये तुकडा घालायचा होता. तेव्हा तुम्ही पक्कड माझ्या हातात दिलीत आणि बाजूला सरकलात. काका टॉर्च धरून होते. निघायला उशीर होत होता, तुम्ही स्वतः केलं असतं तर लगेच संपलं असतं. तरीही ते दोन जोड माझ्याकडून करून घेतलेत, आणि रिंग जरा तिरपी बसतेय असं दिसल्यावर ओरडला नाहीत, नुसतं बोटाने दाखवलंत. काकू, या वागण्याचे आभार कसे मानायचे ते मला खरंच सुचत नाही.

पंप पुन्हा चालू केला, दाब भरला, आणि कागदावरच्या आकड्याच्या कितीतरी पुढे काटा गेला तरी तो घरघरला नाही. एवढ्यावर तुम्ही निघून जाल असं वाटलं होतं. पण तुम्ही तुमच्या गाडीतून डबा आणलात.

त्या डब्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण दुरुस्तीचं सामान सोबत ठेवायचं म्हणजे काय याचा मी तोवर असा विचारच ऐकला नव्हता. डबा उघडण्याआधी तुम्ही मला टॉर्च देऊन पाइपावर छापलेली अक्षरं वाचायला लावलीत आणि माप झाकणावर आतून लिहायला लावलंत. कुठल्या गाडीत अर्धा इंची पेक्स असतो, कुठल्या गाडीत १२ किंवा १५ मिलिमीटरचा कडक पाइप आणि नुसते खुपसायचे जोड, कुठे मऊ नळी आणि होज क्लॅम्प. जुन्या गाड्यांत पॉलिब्युटिलीन नावाच्या प्लॅस्टिकचा राखाडी पाइपही सापडतो. अर्धा इंची पेक्सचा बाहेरचा व्यास साधारण १५.९ मिलिमीटर भरतो, म्हणजे १५ मिलिमीटरच्या पाइपाशेजारी ठेवला तर डोळ्यांना फरक कळत नाही, पण एकाचं फिटिंग दुसऱ्याला चालत नाही. दुसऱ्या कुणाची यादी बघून भरलेला डबा आडरानात निरुपयोगी ठरतो तो यामुळेच.

तुम्ही दिलेल्यांत हातभर पाइप होता, दोन पाइप सरळ जोडणारे दोन-तीन कपलर, एल्बो, तीन तोंडांचा एक टी, मूठभर क्लॅम्प रिंगा, कोन वॉशर, आमच्या नळांच्या मापाच्या ओ-रिंगा, आणि सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब. पेट्रोलियमचं ग्रीस काही जातीच्या रबराला फुगवून खराब करतं, म्हणून सिलिकॉनचंच, तेही पिण्याच्या पाण्याला चालणारं. स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन टेप तुम्ही दिलीत ती ‘गाडी दुरुस्तीच्या जागी पोचेपर्यंतच’ अशी ताकीद देऊन. तांब्याच्या रिंगांऐवजी स्टीलच्या का, तेही सांगितलंत. तांब्याच्या रिंगेला मापागणिक वेगळा जबडा लागतो आणि पकडीचे लांब दांडे कपाटाच्या कोपऱ्यात फिरत नाहीत, तर स्टीलच्या रिंगेचा कान एकाच पकडीने कुठूनही दाबता येतो. रात्री-बेरात्री हत्यार न वापरता जोडता यावं म्हणून दोन पुश-फिट, म्हणजे नुसते खुपसायचे, कपलरही दिलेत, आणि पाइप किती खोल जायला हवा याची खूण आधी पेनाने करायला शिकवलीत.

पण त्या डब्यातली माझ्या लेखी सगळ्यांत मोलाची वस्तू म्हणजे बुचं. पाइपाच्या टोकाला लावायची दोन साधी बुचं. मी विचारलं याचं काय काम, तर तुम्ही म्हणालात, “सगळं दुरुस्त करायची घाई नसते गं. फुटलेली फांदी बंद केली की बाकीच्या गाडीला पाणी मिळतं.” काही महिन्यांनी, अंधार पडत असताना, शॉवरच्या मिक्सरमागचा जोड सुटला. जागा इतकी अडचणीची की दिवसाउजेडीच हात घालावा. मी पंप बंद केला, शॉवरकडे जाणारे गरम आणि गार दोन्ही पाइप कापले, दोन्हींना बुचं लावली, आणि रात्री सिंक, बेसिन, संडास सगळं नेहमीसारखं चालू राहिलं. दुसऱ्या दिवशी सावकाश नवे जोड केले. तुमची बुचं नसती तर रात्रभर टाकी भरलेली आणि नळ कोरडे, असं झालं असतं.

बाहेरच्या पाण्याबद्दलचं तुमचं बोलणंही मी कधी विसरणार नाही. टाकीतून पंपाने चालणाऱ्या गळतीला टाकीएवढी मर्यादा आहे, बाहेरच्या नळाला जोडलेल्या गळतीला मर्यादाच नाही. म्हणून गाडी सोडून फिरायला जाताना बाहेरचा नळ बंद करायचा, न चुकता. प्रेशर रेग्युलेटर गाडीच्या तोंडाशी न लावता नळाच्या तोंडाशी लावायचा, म्हणजे मधली नळीही वाचते, आणि दाब ४० ते ५० पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) आसपास ठेवायचा. आता आमच्याकडे हे असंच चालतं. थंडीत गाडी उभी करायची असेल तेव्हा पाइप रिकामे करतो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि सांध्यांत अडकलेलं थोडंसं पाणीही फिटिंग फोडायला पुरतं, तरी ते कळतं पुन्हा टाकी भरल्यावर. आम्ही प्रॉपिलीन ग्लायकॉलचं, पिण्याच्या पाण्याच्या पाइपांसाठी बनवलेलं अँटिफ्रीझ वापरतो. इंजिनात सर्रास घालतात ते एथिलीन ग्लायकॉलचं अँटिफ्रीझ विषारी असतं, ते या पाइपांत कधीच नाही.

तुम्ही ओली फळी उचलून तिच्याखाली हवा खेळती ठेवायला सांगितली होती. तसंच केलं. लाकूड मऊ पडलं नाही, भिंतीचा थरही सुटला नाही. काही दिवस आणखी तसंच झिरपत राहिलं असतं तर तिथली जमीन बदलावी लागली असती.

तुम्ही सामानाचे पैसे घेतले नाहीत. “वापरलंस की भरून ठेव” एवढंच म्हणालात. वापरलेल्या रिंगा, पाइप आणि दोन बुचं भरून ठेवली आहेत, शिवाय पंपाचा फ्यूज आणि गाळणीची जाळी मी आपणहून त्यात घातली. आणि तुम्हाला कळवायची एक ताजी बातमी. पंप अलीकडे पुन्हा मधूनच घरघरायला लागला होता. कॉक बंद करून बघितलं तरी घरघर थांबेना. मग पंप बंद ठेवून बाहेरचं पाणी जोडलं, तर पिण्याच्या पाण्याच्या टाकीची पातळी आपोआप चढायला लागली. म्हणजे या वेळी पंपातलीच झडप. पंपावरचा मॉडेल नंबर बघून झडपेचा संच मागवला आहे. आला की मीच बसवणार आहे.

काकांना नमस्कार सांगा. इतका वेळ न हलता टॉर्च धरल्याबद्दल त्यांचेही मनापासून आभार.

तुमची,
पलंगाखालच्या ओल्या फळीवाली शेजारीण