गुणतक्त्याला कुणी विचारलंच नाही : ब्रिटनच्या क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्रिमहोदय,
संस्कृती, माध्यमे व क्रीडा खाते,
ब्रिटिश सरकार, लंडन

विषय : महिला फुटबॉल क्लबांना नियामकाच्या कक्षेत घेण्याबाबत

स. न. वि. वि.

पत्र मराठीत आहे, म्हणजे आपल्यापर्यंत ते भाषांतर होऊनच पोहोचणार. पण इंग्लंडमधल्या मराठी घरांतल्या मुलीही आता फुटबॉल खेळतात, आणि आपल्या मुलीचा क्लब पुढच्या वर्षी जागेवर असेल का, हा प्रश्न त्यांच्या आईवडिलांनाही पडू शकतो.

जुलै 2025 मध्ये फुटबॉल कारभाराचा कायदा झाला आणि स्वतंत्र नियामकाला अधिकार मिळाले. पुरुषांच्या वरच्या पाच स्तरांतल्या 116 क्लबांना आता परवाना घ्यावा लागेल, पैशाचा आराखडा दाखवावा लागेल, मालकांची छाननी होईल. बोधचिन्ह किंवा घरच्या जर्सीचे रंग बदलायचे तर पाठीराख्यांचा कौल हवा, मैदान विकायचं तर नियामकाची मंजुरी हवी. महिला क्लबांना यातलं काहीच लागू नाही. ते लागू का व्हावं, हे डॉन्कास्टर बेल्स या महिला क्लबच्या इतिहासातून जितकं स्पष्ट दिसतं तितकं कुठल्याही समितीच्या अहवालातून दिसणार नाही.

1969 साल. यॉर्कशरमधल्या डॉन्कास्टर रोव्हर्स या पुरुष क्लबच्या बेल व्ह्यू मैदानावर काही तरुणी 'गोल्डन गोल'ची तिकिटं विकत असत. तिकिटावर एक वेळ छापलेली असते; सामन्यातला गोल नेमका त्या वेळेला झाला की बक्षीस. त्यांच्यातल्या शीला स्टॉक्स आणि मैत्रिणींनी स्वतःचाच संघ काढला, 'बेल व्ह्यू बेल्स'. पुढे तो डॉन्कास्टर बेल्स झाला. तेव्हा फुटबॉल असोसिएशनचा, म्हणजे इंग्लंडमधला फुटबॉल चालवणाऱ्या संघटनेचा, 5 डिसेंबर 1921 चा ठराव अजून जिवंत होता. हा ठराव नीट वाचायला हवा. त्याने बायकांना खेळायला मनाई केली नव्हती. हा खेळ बायकांना योग्य नाही असं मत नोंदवून, संलग्न क्लबांनी त्यांना मैदान देऊ नये असं म्हटलं होतं. तेवढं पुरेसं होतं. मैदान नाही म्हणजे प्रेक्षागृह नाही, तिकीट नाही, उत्पन्न नाही. त्याआधी वर्षभरच, 1920 च्या नाताळात, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक कर लेडीज विरुद्ध सेंट हेलेन्स हा सामना बघायला 53,000 माणसं आत होती आणि हजारो बाहेर राहिली होती. अशी गर्दी पन्नास वर्षं उद्यानांतल्या आणि रग्बीच्या मैदानांवर पाठवली गेली. ठराव रद्द झाला तो 1970-71 मध्ये.

त्यानंतर बेल्सनी जे केलं ते इंग्लंडमध्ये फार थोड्या क्लबांना जमलंय. 1983 ते 1994 या काळात महिला एफए कप या बाद पद्धतीच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या बारा अंतिम सामन्यांपैकी अकरा त्या खेळल्या. फक्त 1989 चा चुकला. सहा जिंकल्या : 1983, 1987, 1988, 1990, 1992, 1994. 1991-92 मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली, तिच्या पहिल्याच हंगामात 14 पैकी 14 सामने जिंकले. गिलियन कूल्टार्ड इंग्लंडकडून 119 सामने खेळली. शंभरी गाठणारी ती पहिली इंग्लिश महिला, आणि विश्वचषकातला इंग्लंडच्या महिलांचा पहिला गोलही (1995, कॅनडाविरुद्ध) तिचाच. कॅरन वॉकरचे इंग्लंडसाठी 40 गोल. हे सगळं नोकऱ्या सांभाळून, संध्याकाळच्या सरावावर.

2003 मध्ये क्लब रोव्हर्सच्या छत्राखाली गेला. 2011 मध्ये विमेन्स सुपर लीग ही महिलांची सर्वोच्च लीग निघाली तेव्हा पहिल्या आठ संघांत बेल्स होत्या. आणि मग एप्रिल 2013. हंगामातला एक सामना झाला होता, एकच, आणि असोसिएशनने कळवलं की 2014 पासून तुम्ही दुसऱ्या विभागात. यंदा कितवा नंबर येतो याच्याशी त्याचा संबंध नव्हता. वरच्या विभागातली जागा मँचेस्टर सिटीला मिळाली, ज्यांचा संघ तोवर सुपर लीगमध्ये कधी खेळलाच नव्हता. अपील फेटाळलं गेलं.

मंत्रिमहोदय, चूक कुठे झाली हे नेमकं बघा. सुपर लीगमधली जागा असोसिएशनच्या परवान्यावर ठरत होती, आणि त्या परवान्याचे निकष चार शीर्षकांखाली होते : आर्थिक व्यवस्थापन, व्यापारी टिकाऊपणा आणि जाहिरात, सुविधा, खेळाडू-प्रशिक्षक-युवा विकास. चारही रास्त आहेत. पण त्यांत गुणतक्ता नाही. ज्याच्यामागे पुरुषांचा श्रीमंत क्लब उभा आहे त्याचा अर्ज पहिल्या दोन शीर्षकांत आपोआप वजनदार होतो, आणि चव्वेचाळीस वर्षांचा इतिहास कुठल्या रकान्यात भरायचा हेच कळत नाही. शिवाय निर्णय हंगामाच्या तोंडावर जाहीर केला, म्हणजे उरलेले सगळे सामने पुढची जागा ठरून गेल्यावर खेळायचे. प्रायोजक शोधणाऱ्याने समोरच्याला काय सांगायचं?

2018 मध्ये पुन्हा तेच, आणखी मोठ्या प्रमाणावर. नव्या नियमांनुसार वरच्या स्तराला सामने सोडून आठवड्याला किमान 16 तास सराव, दुसऱ्याला 8. आकडा छोटा दिसतो. हिशेब करा : दिवसभर नोकरी करून संध्याकाळी दोन तास, आठवड्यातून तीनदा, झाले सहा. सोळा गाठायचे तर चार दिवस, रोज चार तास, तेही दिवसाउजेडी. म्हणजे नोकरी सोडायची. नोकरी सोडायला लावायची तर पगार द्यायचा, आणि दिवसा सराव म्हणजे दिवसाचं मैदान, फिजिओ, प्रशिक्षक हेही पूर्णवेळ हवेत. एका ओळीच्या नियमामागे असा खर्च उभा राहतो. खेळाडूंच्या दृष्टीने नियम चांगलाच होता, यात वाद नाही. खर्च कुणी सोसायचा हे मात्र कुणी ठरवलं नाही. त्या वर्षी बेल्सनी दुसऱ्या विभागाचं विजेतेपद मिळवलं, आणि त्याच उन्हाळ्यात पैशाअभावी माघार घेऊन त्या तिसऱ्या स्तरावर गेल्या. तिसऱ्या स्तरावरून थेट पहिल्या स्तराचा परवाना मिळाला वेस्ट हॅमला.

एखादा क्लब दुर्दैवी निघाला असं म्हणून हे सोडता येत नाही. 2000 मध्ये फुलमने महिलांचा पूर्णवेळ व्यावसायिक संघ उभा केला; तीन वर्षांत तो अर्धवेळ झाला, 2006 मध्ये क्लबने हात काढून घेतला. चार्ल्टनचे पुरुष 2007 मध्ये प्रीमियर लीगमधून घसरले आणि त्याच उन्हाळ्यात, नुकताच कपचा अंतिम सामना खेळलेला महिला संघ मोडीत काढला गेला. घसरले पुरुष, बंद झाल्या बायका! नॉट्स काउंटी लेडीज एप्रिल 2017 मध्ये, हंगामातल्या पहिल्या सामन्याच्या दोन दिवस आधी बंद. बाकी क्लबांचे संघ तोवर भरलेले, खेळाडूंनी जायचं कुठे? 2024 मध्ये रेडिंग दुसऱ्या स्तरावरून पाचव्यावर गेलं, 2025 मध्ये ब्लॅकबर्न चौथ्यावर. प्रत्येक ठिकाणी कारण एकच : महिला संघ हा मूळ क्लबच्या खर्चाच्या वहीतली एक ओळ असतो, आणि वही तंग झाली की ती ओळ आधी खोडतात.

उलट टोकही आहे. चेल्सीने 2024 मध्ये आपला महिला संघ स्वतःच्याच पालक कंपनीकडे वळवला आणि त्या व्यवहारातून सुमारे 19.9 कोटी पौंडांचा नफा हिशेबात दाखवला. एकीकडे महिला संघ पुरुषांच्या ताळेबंदाला सावरण्याइतका मौल्यवान, दुसरीकडे नियामकाच्या नोंदवहीत त्याला जागाच नाही.

मागणी मोठी नाही. नियामकाच्या कक्षेत कोणत्या स्पर्धा येतील हे कायद्याने आपल्या विनियमांवर सोडलं आहे. संसदेत नवा कायदा आणायची गरज नाही. महिलांच्या वरच्या दोन विभागांची नावं त्यात घालावीत, पण पुरुषांचे नियम जसेच्या तसे उचलू नयेत, कारण दुसऱ्या विभागातल्या क्लबला त्या कागदपत्रांचाच खर्च झेपणार नाही. महिला संघाचे हिशेब वेगळे ठेवणं सक्तीचं असावं. माघार घ्यायची असेल तर मूळ क्लबने जानेवारीअखेर कळवावं, आणि चालू करारांच्या एका हंगामाच्या पगाराइतकी रक्कम आधीच बाजूला ठेवलेली असावी. परवान्याचे निकष बदलले तर ते पुढचा पूर्ण हंगाम संपल्यावरच लागू व्हावेत, आणि हंगाम सुरू असताना कुणाचाही विभाग बदलू नये. रंग आणि बोधचिन्हाबाबत पाठीराख्यांना पुरुष क्लबांसारखाच कौल मिळावा, आणि तो नावाबाबतही असावा; बेल्सच्या सहा कपांवरचं नाव मूळ क्लबच्या एका ठरावाने पुसता येऊ नये.

विनियमांत हा बदल पुढच्या हंगामाच्या परवाना-अर्जांआधी झाला, तर निदान त्या वर्षीचे क्लब तरी त्यात येतील.

कळावे,

इंग्लंडमधल्या महिला फुटबॉलचा मागोवा घेणारे काही मराठीभाषक