खिचडीचा हिशेब

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू विचारलंस, "बाबा, जेवलात का?" मी हो म्हणालो. काय जेवलात, हे विचारलं नाहीस म्हणून वाचलो. खिचडी. शनिवारीही खिचडीच. शुक्रवारी वरणभात होता, म्हणजे तेच दोन जिन्नस वेगवेगळे शिजवलेले.

तुझी आई गेल्यापासून हे हळूहळू होत गेलं. एकट्यासाठी पाव किलो गवार कोण निवडत बसणार? दोन दाढा काढल्यावर भाकरी सुटली, मग काकडी, मग पेरू. संध्याकाळी चहाबरोबर चार बिस्किटं खाल्ली की रात्रीची भूकही बेताचीच. पोट भरत होतं, त्यामुळे काही बिघडलंय असं वाटलंच नाही.

शंका आली ती पट्ट्यामुळे. दाभणाने नवं भोक पाडावं लागलं. त्याच आठवड्यात लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरेना. डॉक्टरांनी मुठीत धरून दाबायचं एक यंत्र दिलं. सगळा जोर लावला, तरी आकडा २३ किलोच्या वर जाईना. आशियाई पुरुषांत २८ च्या खाली असेल तर पकड कमजोर धरतात. शिवाय वर्षभरात वजन पाच किलोंनी उतरलेलं. आपोआप वजन उतरणं, पकड ढिली होणं, चाल मंदावणं, सततचा थकवा आणि हालचाल कमी होणं, या पाचांतल्या तीन खुणा दिसल्या की डॉक्टर त्याला फ्रेल्टी म्हणतात. आपण 'थकले हो आता' म्हणून सोडून देतो. माझ्या दोन भरल्या. म्हणजे मी अजून उंबरठ्यावर आहे, घाबरू नकोस.

खिचडीला मी दोष देत नाही. तांदूळ आणि डाळीची प्रथिनं एकमेकांची उणीव भरून काढतात, हे मीच वर्गात शिकवलं. पण म्हाताऱ्या स्नायूंना थोडक्या प्रथिनांनी जाग येत नाही. म्हणून या वयात वजनाच्या किलोमागे रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं घ्या म्हणतात. माझं वजन ५८ किलो, म्हणजे साधारण साठ-सत्तर ग्रॅम झाले. एका अंड्यात जेमतेम सहा. माझ्या खिचडीत डाळ किती असते ते तुला माहीत आहे. त्यात पालेभाजी नाही, फळ नाही, आणि बी-१२ जीवनसत्त्व तर वनस्पतीत नसतंच. ते मिळायचं तर दूध, अंडी, मासे, मटण यांतून.

जपानात म्हाताऱ्यांचा आहार दहा गटांत मोजतात. मांस, मासे, अंडी, दूध, सोयाबीन, भाज्या, कंद, फळं, तेल आणि समुद्री शेवाळ. रोज खाल्लेल्या प्रत्येक गटाला एक गुण. साताऱ्यात शेवाळ कुठून आणू? तो एक गुण सोडून दिला, तरी पहिल्या दिवशी मला दोनच मिळाले, चहातलं दूध आणि फोडणीचं तेल. आपल्या हैदराबादच्या पोषण संस्थेचंही म्हणणं असं की ताटात निदान आठ गटांतलं काहीतरी यावं. आता चौरस आहार घेणारा माणूस ताठ राहतो, की ताठ माणूसच मंडईत जाऊन चार भाज्या आणतो, हे सोडवणं अवघड आहे. माझ्या बाबतीत दोन्ही खरं असावं.

तेव्हा प्रोटीन पावडरचा डबा पाठवू नकोस. दाताच्या डॉक्टरांकडे पुढच्या आठवड्यात जातोय. तोवर काकडी किसून त्यात दाण्याचं कूट आणि दही, भाकरी दुधात कुस्करून, सकाळी एक अंडं. काल सहा गुण झाले.

आणि एक गंमत. शेजारच्या वहिनींनी परवा वाटीभर मटकीची उसळ दिली. वाटी रिकामी कशी परत करायची, म्हणून मी शेवग्याच्या शेंगांची आमटी केली आणि त्यात मीठ घालायचं विसरलो. मला कळलं ते रात्री जेवताना, वाटी देऊन झाल्यावर. आज सकाळी ती वाटी परत आली. आत मेथीची भाजी होती. मिठाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

तुझा,
बाबा